मुरूडच्या वाडीत तीन रात्री

आपल्या घरांत सुटी म्हणजे नानीचे घर, कुणाची शादी, नाहीतर बाळापूर-खुलताबादची झियारत. नुसता समुद्र पाहायला चार दिवस आणि एवढा पैसा घालवायचा, हे आमच्या जुन्या शहरात अजूनही थोडे नवाबी वाटते. पण माझ्या सासूबाई सत्तरीच्या झाल्या. घरात सगळे त्यांना अम्मी म्हणतात. मोठे पाणी म्हणून त्यांनी मोर्णेचा पूर आणि महानचे धरण एवढेच पाहिलेले. म्हणून दिवाळीच्या सुटीत मुरूड-जंजिऱ्याला जायचे ठरवले.

राहायची जागा शोधणे हेच खरे काम होते. एका ठिकाणी फोनवर खोली आहे म्हणाले आणि नाव सांगताच ती भरली. असे होते, आपण पुढचा नंबर लावतो. अम्मींना हलाल जेवण, वजूची सोय आणि जानमाज पसरायला स्वच्छ जागा हवी होती. शेवटी एका ओळखीतून कोकणी मुसलमान कुटुंबाची वाडी मिळाली. नारळ-सुपारीच्या बागेत चार खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर, जेवण त्यांच्याच चुलीवरचे. बाहेर पाटीसुद्धा नाही.

अकोल्याहून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई. गेटवेवरून मांडव्याची लाँच, तिथून अलिबाग, मग रेवदंडा, कोर्लई, काशीद करत मुरूड. अलिबागपासून पन्नासेक किलोमीटर असतील, पण रस्ता वळणाचा. धाकटीला दोनदा उलटी झाली.

पहिल्या दुपारी घरमालकीण आपांनी दस्तरखान मांडला. तांदळाची भाकरी, सुरमई, खोबऱ्याचे सार आणि एका वाडग्यात तिसऱ्यांचे कालवण. शिंपल्या पाहून अम्मींचा हात थांबला. आपण वऱ्हाडातले बहुतेक हनफी. आपल्याकडे समुद्रातली मासळी हलाल, बाकीचे प्राणी नाहीत. कोळंबीबद्दलही आपल्या उलेमांत दोन मते आहेत. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्याकडे समुद्रातले बहुतेक सारे चालते. हे मी वर्गात शिकवले नसेल असे नाही, पण ताटात समोर येते तेव्हा गोष्ट वेगळी होते. माझ्या मुलाने सरळ विचारले, "मग हे लोक हराम खातात?" आपा तिथेच उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, हसल्या आणि वाडगा उचलून आपल्याकडे ठेवला. मुलाला अम्मींनीच उत्तर दिले, की त्यांचे इमाम शाफई, आपले अबू हनीफा, दोघेही आपलेच. त्यानंतर तीन दिवस आमच्या ताटात सुरमई, पापलेट, बोंबीलच आले. तिसऱ्या घरच्यांसाठी वेगळ्या शिजत.

दुसरी गोष्ट असरची. अजान झाली तेव्हा ऊन अजून अंगणात होते. "असर? अभी से?" अम्मी म्हणाल्या. शाफईंकडे सावली वस्तूएवढी झाली की असरची वेळ सुरू होते (दुपारची मूळ सावली वगळून), आपल्याकडे दुप्पट झाल्यावर. फरक जवळजवळ तासाभराचा पडतो. मुलांच्या अब्बूंनी मशिदीत मुकीम इमामामागे पुऱ्या चार रकात पढल्या. खोलीत पढले असते तर मुसाफिर म्हणून दोनच. मुलगा बरोबर होता. फजरला दुसऱ्या रकातीत रुकूनंतर उभे राहून कुनूत पढतात हे पाहून तो घरी आला तो धावतच. अम्मी मात्र आपल्याच वेळेवर राहिल्या. आपा रोज आपली असर झाली की तासाभराने पडवीत त्यांची जानमाज पसरून ठेवत. त्यावर कुणी काही बोलले नाही.

फजरनंतर किनारा मोकळा असतो. ती वेळ बायकांची. आपांनीच सांगितले की होड्या परततात तो भाग सोडून दुसऱ्या टोकाला जा. अम्मी बुरख्यासकट गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. लाट पायाखालची वाळू ओढते, ते त्यांना आवडले नाही. पण त्या बाहेरही आल्या नाहीत.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात. जंजिरा म्हणजे अरबीतला जझीरा, बेट. मुलांना उर्दूत व्याख्या पाठ असते, चारी बाजूंना पाणी. इथे ती डोळ्यांनी दिसते. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे हे राज्य 1948मध्ये भारतात विलीन झाले, तोवर हा किल्ला कुणाला जिंकता आला नाही. उर्दू वाचणाऱ्यांना आणखी एक धागा ठाऊक असेल: इक्बालांचा पत्रव्यवहार ज्यांच्याशी होता त्या अतिया फैजींच्या भगिनी नाझली बेगम इथल्या नवाबाच्या पत्नी होत्या. लोक कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढतात. आम्ही मात्र तलावांपाशी थांबलो. भर समुद्रात, खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात, गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. आमच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात समुद्र शेकडो कोस दूर, तरी विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. अम्मींचे माहेर त्याच पट्ट्यातले. लहानपणी त्या गोड्या पाण्यासाठी किती चालत, ते त्यांनी मुलांना तिथे तलावाच्या पायरीवर बसून सांगितले. घरात इतकी वर्षे मी ते ऐकले नव्हते. होडीवाला हाका मारू लागला तरी त्या उठेनात.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पावसाळा टाळावा, किल्ल्याच्या होड्या बंद असतात. खोली ठरवताना जेवणाचे आधीच बोलून घ्यावे, काय खात नाही तेही. आणि एक दिवस जास्तीचा ठेवावा. आम्हाला खोकरीचे मकबरे राहिले.

निघताना अम्मींनी कोळणीकडून सुके बोंबील घेतले, अर्धा किलो. सोडे घेतले नाहीत. कोळंबीबद्दल आधी आमच्या मशिदीच्या मौलाना साहेबांना विचारणार आहेत.