शंभर यार्ड म्हणजे किती?
२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. फाटकावर तसा फलकही आहे. पण यार्ड कुणाला कळतो? सातवीच्या मुलांना सांगितलं, ९१.४४ मीटर. मग टेप घेऊन निघालोच. अंतर कुंपणापासून सरळ रेषेत मोजायचं, रस्त्याच्या वळणाने नाही. हे मुलांना लगेच पटलं, त्रिज्या नुकतीच शिकवली होती ना!

कोपऱ्यावरची टपरी २६ मीटरवर निघाली. टेपचं टोक धरून उभी होती ती टपरीवाल्याचीच मुलगी.

"सर, नुसता चहा-बिस्किटं ठेवली तर चालेल?"

म्हटलं, या कायद्याची मनाई तंबाखूला आहे, टपरीला नाही.

"पण सर, चहापेक्षा पुड्याच जास्त खपतात. पप्पांना तुम्हीच सांगा."

शनिवारी पालकसभा आहे. त्यांना बोलावलंय.