शुक्रावर उतरण्याची किंमत

1 मार्च
1982 साली आजच्याच तारखेला सोव्हिएत रशियाचे व्हेनेरा-13 शुक्रावर उतरले. बाहेर 457 अंश सेल्सिअस तापमान, हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे 90 पट. यान 32 मिनिटे तग धरेल असा हिशेब होता; ते 127 मिनिटे संदेश पाठवत राहिले. तेवढ्यात त्याने खडकांची रंगीत छायाचित्रे पाठवली, जमीन पोखरून नमुना तपासला. कित्येकांची वर्षांची मेहनत दोन तासांत संपली, पण ती वाया गेली असे मला म्हणवत नाही.

3 मार्च
आधीच्या यानांबद्दल वाचले. 1967 मध्ये व्हेनेरा-4 जमिनीपासून सुमारे 25 किलोमीटर उंचीवरच गप्प झाले. त्याने कळवलेल्या दाबावरून पुढच्या यानांची कवचे भक्कम झाली. डिसेंबर 1970 मध्ये व्हेनेरा-7 ची हवाई छत्री दगा देऊन गेली, यान आदळले; तरीही 23 मिनिटे क्षीण संदेश येत राहिला. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेला तो पहिलाच संदेश.

4 मार्च
1978 मध्ये व्हेनेरा-11 आणि 12 सुखरूप उतरली, पण कॅमेऱ्यांची झाकणेच उघडली नाहीत. एकही चित्र मिळाले नाही. जीव हळहळतो. तरी यंत्र पुन्हा बांधता येते. तिथे माणूस उतरवण्याची कल्पना मात्र मला मुळीच मान्य नाही.

31 मार्च
आनंदीबाई जोशी यांचा जन्मदिवस. शुक्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव आहे. 1883 मध्ये त्या समुद्रापार गेल्या, डॉक्टर झाल्या आणि एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या. जोखीम त्यांनी पत्करली ती इथल्या बायकांना स्त्री-डॉक्टर मिळावी म्हणून. मिळणारे ज्ञान कोणाच्या कामी येणार, हीच धाडसाची खरी कसोटी.

त्या कसोटीवर शुक्र उतरतो. आकाराने तो जवळपास पृथ्वीएवढा. हवेत 96 टक्के कार्बन डायऑक्साइड, त्यानेच कोंडलेली ही उष्णता. एखादा ग्रह असा कसा होरपळतो, हे तापत चाललेल्या पृथ्वीवरच्या माणसांनी जाणून घ्यायलाच हवे. 2024 मध्ये केंद्र सरकारने इस्रोच्या शुक्रमोहिमेसाठी 1236 कोटी रुपये मंजूर केले. ते यान शुक्राभोवती फिरून त्याचा अभ्यास करणार आहे. मोहीम फसली तरीही तो खर्च योग्यच होता, असे मी म्हणेन.