वायर का तापली?

मुलांनो, तुमच्या घरात इस्त्री, मिक्सर किंवा पाणी तापवायचा रॉड यांपैकी काहीतरी नक्की असेल. त्यावर बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. ते वाचायला शिका. (पिन काढून ठेवल्यावरच हं!)

आमच्या शाळेतली सहावीची एक मुलगी मागे थंडीच्या दिवसांत मला म्हणाली, "बाई, आमच्या रॉडच्या एक्स्टेन्शनची वायर गरम होते. जोड दिलाय तिथं तर चटकाच बसतो! बाबा म्हणतात, रॉड तापतो मग वायरही तापणारच." त्या जोडाजवळच तिचा धाकटा भाऊ झोपायचा. मी म्हटलं, "आधी जोडाला हात लावायचा नाही. आणि रॉडवरचे आकडे उतरवून आण. गणित करून बघू."

तिनं आणलं: 230 व्होल्ट, 1500 वॅट.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. अँपिअर म्हणजे वायरीतून वाहणारी धारा. त्या धारेला होणारा अडथळा म्हणजे रोध, तो ओहममध्ये मोजतात. आणि वॅट म्हणजे शक्ती. रॉडसाठी सूत्रं दोनच:

शक्ती = दाब × धारा
रोध = दाब ÷ धारा

दुसरं सूत्र गेऑर्ग ओम यांच्या नियमातून आलं. 1827 साली त्यांनी तो पुस्तकात मांडला. ते कुलपं करणाऱ्या कारागिराचे मुलगे आणि जर्मनीतल्या कोलोन गावचे शाळामास्तर. म्हणजे आमच्याच पेशातले की!

मुलीनं फळ्यावर मांडलं: 1500 ÷ 230, म्हणजे सुमारे 6.5 अँपिअर. रॉडचा रोध 230 ÷ 6.5, म्हणजे सुमारे 35 ओहम. आता ती वायर मुळात आणली होती 75 वॅटच्या पंख्यासाठी. पंख्याची धारा जेमतेम 0.33 अँपिअर. म्हणजे वायरीतून वीसपट धारा जात होती!

पण उष्णता वीसपट नव्हे. दोन्ही सूत्रं एकत्र केली की मिळतं: शक्ती = धारा × धारा × रोध. वीस गुणिले वीस, चारशेपट!

समजा, त्या सैल जोडाचा रोध अर्धा ओहम आहे. मग 6.5 × 6.5 × 0.5 = सुमारे 21 वॅट, तेही एकाच ठिकाणी. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं छोटं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं आणि त्यावर कथील वितळतं. आमच्या जोडावर तर नुसती चिकटपट्टी होती.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिचे बाबा हसून म्हणाले, "बाई, तीन हिवाळे चालतंय की!" मुलीनं काही न बोलता वही पुढं केली. त्यांनी दोनदा वाचलं. मग उठले आणि पिन काढली. आठवडाभरात वायरमननं जाड वायर ओढून 16 अँपिअरचा पॉवर प्लग बसवला.

तुम्हीही वहीत एक तक्ता करा: वस्तू, व्होल्ट, वॅट, धारा. लहान पिनचा प्लग 6 अँपिअरचा असतो, म्हणजे 230 × 6 = 1380 वॅटपर्यंत. तुमच्या तक्त्यात कोणी ही रेघ ओलांडली असेल, तर स्वतः बोर्ड उघडू नका. वही घरातल्या मोठ्यांना दाखवा.