नंदुरबारच्या रस्त्यांवर कॅमेरा घेऊन

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेप्रमाणे येथील शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत. वर्तमानपत्रांत या जिल्ह्याची छायाचित्रे येतात ती ठरलेलीच : कुपोषित बालक, होळीत नाचणारे आदिवासी आणि सारंगखेड्याचे घोडे. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून आम्ही हिंडतो ते याहून वेगळे काही दिसते का, हे पाहण्यासाठी. दिसते, पण बहुधा आपण शोधत असतो ते नव्हे.

नंदुरबारची लाल मिरची प्रसिद्ध आहे. हंगामात शहराभोवतीच्या मोकळ्या जागांवर ओली मिरची वाळत घालतात. त्या जागांना येथे पथारी म्हणतात. दुरून लाल गालिचा. जवळ गेले की आधी शिंक, मग ठसका, मग डोळ्यांना पाणी. त्या तिखटात तोंडाला फडके बांधून बाया दिवसभर मिरची उलथतात, देठ खुडतात. संध्याकाळी हातांची नुसती आग होते. अवकाळी पाऊस आला की व्यापाऱ्याचा माल भिजतो आणि बाईचा रोज बुडतो. बातमी मात्र मालाचीच होते.

आम्हाला त्या हातांचे छायाचित्र हवे होते. एका आजीबाईंना विचारले, "माय, फोटो काढू का?" त्यांनी अहिराणीत उलट विचारले, "कोणता फारमले लावशी?"

कोणत्या फॉर्मला लावणार! गरिबाच्या लेखी फोटो ही फॉर्मला चिकटवायची वस्तू. याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिली आधार कार्डे वाटण्यात आली. आता ज्याच्या त्याच्याजवळ स्वतःचा एक फोटो आहे, पण तो ओळख पटविण्यापुरता.

"फॉर्मला नाही माय, तुमच्यासाठीच," असे म्हणताच आजीबाई उठल्या. हात धुतले, तोंडाचे फडके सोडले, पदर नीट केला आणि मिरचीकडे पाठ फिरवून भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मिरची दिसता कामा नये, असे बजावले. हात पदराखाली झाकले. त्या सांगतील तसेच आम्ही छायाचित्र काढले. आमच्या घराघरांत बाबासाहेब सुटाबुटात, टाय लावून ताठ उभे आहेत. ज्या समाजाला नीटनेटके वस्त्रही नाकारले गेले, त्याला ते चित्र काय सांगते हे वाचकांना सांगायला नको. पुढच्या आठवड्यात प्रत नेऊन दिली तेव्हा आजीबाईंनी आणखी एक मागितली, सासरी असलेल्या लेकीसाठी.

दुसरा प्रसंग सारंगखेड्याचा. तापीकाठी दत्तजयंतीला येथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आम्ही तेथे देवासाठी जात नाही, माणसांसाठी जातो. गर्दीत एक गृहस्थ "जयभीम" म्हणत पुढे आले. सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. "याला घोड्यावर बसवून एक फोटो काढता का?" घोडेवाल्याने नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, पैसेही घेतले नाहीत. स्वतः उचलून मुलाला पांढऱ्या घोडीवर बसविले.

वरातीत घोड्यावर बसला म्हणून आपल्या नवरदेवाला मारहाण, अशा बातम्या या शतकातही वाचाव्या लागतात. ते गृहस्थ मुलाकडे पाहतच नव्हते. सारखे आजूबाजूला, लोकांच्या तोंडाकडे पाहत होते. कोणाचेही लक्ष नव्हते. जो तो भाव करण्यात गुंतलेला. एवढे पाहून घेतल्यावर ते मुलाला म्हणाले, "पाय रिकिबीत घाल. मान वर कर."

आम्ही तीन छायाचित्रे काढली. तिसऱ्यात मुलगा कॅमेऱ्याकडे न पाहता घोडीच्या कानात काही सांगतो आहे. तेच चांगले आले. पत्ता लिहून घेतला, तेव्हा त्या गृहस्थांनी विचारले, "साहेब, याच्या लग्नापर्यंत टिकेल ना हो तो कागद?"