गज, कात्री आणि टाळ

व्यापारी घरातील मुलगा गादीवर बसून हिशेबाऐवजी गाण्यात रमू लागला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. ही काळजी आजची नाही. हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी वसलेल्या नरसी गावाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या संत नामदेवांच्या (इ. स. १२७०–१३५०) घरानेही ती अनुभवली.

वडील दामाशेटी शिंपी. कापड शिवणे व विकणे हा कुळाचा उद्योग. नामदेवांचे चित्त मात्र विठ्ठलाच्या भजनात. एक आख्यायिका अशी सांगतात, की वडिलांनी त्यांना बाजारात कापड विकण्यास पाठविले, तेव्हा त्यांनी ते दगडांनाच उधार दिले आणि एका धोंड्याला जामीन धरले! वसुलीची वेळ आली तेव्हा तो धोंडा सोन्याचा झाला.

कथेत धोंड्याचे सोने होते; संसारात होत नाही. म्हणूनच आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या नावावरील अभंगांत घरातील ओढाताणीची तक्रार स्पष्ट ऐकू येते. भक्तीच्या थोरवीपुढे या दोघींचे म्हणणे क्षुल्लक मानता येणार नाही. घरात उद्याच्या धान्याची चिंता कोणाला तरी वाहावीच लागते.

पुढे हाच शिंपी कीर्तनाला उभा राहिला. पुढे कीर्तनकार, मागे टाळकरी आणि मृदंग, एकाने पद म्हणावे, त्याचा अर्थ उलगडावा, सर्वांनी ते उचलून धरावे, अशा वारकरी कीर्तनाचे आद्य प्रवर्तक म्हणून परंपरा नामदेवांकडे पाहते. औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचर हे गुरू लाभले. त्याच मंदिरासमोर कीर्तनाला मज्जाव झाला, म्हणून ते मागील बाजूस गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशीही आख्यायिका आहे.

विशेष म्हणजे ज्या घराने तक्रार केली, तेच घर पुढे या मेळ्यात सामील झाले. नारा, विठा, गोंदा, महादा हे पुत्र आणि घरची दासी जनाबाई या सर्वांच्या नावावर अभंग आहेत.

नामदेवांनी गज आणि कात्रीही टाकून दिली नाही. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात त्यांनी मनाला गजाची, जिभेला कात्रीची उपमा दिली आहे. सुई सोन्याची आणि दोरा रुप्याचा केला आहे. दुकानात हाताला झालेली सवय अशी गाण्यात उतरली. पंजाबातील घुमान येथे त्यांची स्मृती आजही जपली जाते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते.

घरातील एखादे मूल गाऊ लागले, तर त्याला व्यवहाराची शिस्त अवश्य शिकवावी. उधार देताना जामीन पारखूनच घ्यावा, हेही सांगावे. परंतु संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्याच्या हातातील टाळ मात्र काढून घेऊ नये. जमल्यास आपणही मागे उभे राहून साथ करावी.