यादीत नाव नसताना

नोएडाची पोस्टिंग म्हणजे फौजी शेजार. सेक्टर २८, २९ आणि ३७ मधल्या अरुण विहारमध्ये निवृत्त अधिकारी भरपूर. पाटीवर नावाच्या आधी हुद्दा. सकाळी फिरताना ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, "बोर्ड कधी?"

माझा बोर्ड यंदा झाला. यादीत नाव नव्हतं.

फौजेत वरिष्ठांच्या मताला वजन असतं, असायलाच हवं. दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिला जातो, बढती त्यावर ठरते. कामाचा हिशेब न देणाऱ्याच्या हाती जवान कोण सोपवेल? पण हिशेब देणं वेगळं आणि माणूस म्हणून आपली किंमत त्या अहवालात शोधणं वेगळं. हा फरक मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडून कळला.

आम्ही नगरचे ख्रिस्ती, त्यामुळे टिळक आम्हाला घरातलेच. कोकणस्थ ब्राह्मण, कवी म्हणून नाव झालेलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि जात, नातलग, मान सगळं तुटलं. त्या वेळचं लक्ष्मीबाईंचं दुःख 'स्मृतिचित्रे'त वाचताना आजही घसा दाटतो. लोकांची मर्जी सोडण्याची किंमत कधी कधी घरच्या माणसाला मोजावी लागते. काही वर्षांनी त्या परत नांदायला आल्या आणि १९०० मध्ये स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या.

मला जास्त शिकवतं ते मात्र १९१७ साल. तोवर ख्रिस्ती समाजात टिळकांना मोठा मान होता, अमेरिकन मराठी मिशनचा पगार होता. तो सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले, 'देवाचा दरबार' सुरू केला. आधी जुन्या लोकांची वाहवा सोडली, मग नव्यांची. दुसरं अधिक अवघड. कारण एक गर्दी सुटली की माणूस लगेच दुसरी शोधतो. चर्चमधली शाबासकीही शेवटी शाबासकीच.

आमची श्रद्धा सांगते की देव आधी स्वीकारतो, कर्तृत्व नंतर. स्वीकार मिळवण्यासाठी काम करायचं नसतं, तो मिळालेला आहे म्हणून करायचं असतं.

नाव न आल्याचं दुखतं का? दुखतं. पण पोरांच्या सुट्ट्या, त्यांचे कोर्स, घरच्या अडचणी माझ्या टेबलावर कालही होत्या, आजही आहेत. त्या नीट हाताळायला कोणाच्या टाळ्या लागत नाहीत.