तीस वेळांचं आयुष्य

आमच्या मजल्यावरची शेवटची खोली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा! वाय-फायचा डबा जिन्यापाशी, आणि कोपऱ्यापर्यंत येता येता सिग्नल दम टाकतो. मग लॅपटॉपला बाहेरचा अँटेना लावायचा म्हणून पोरं माझ्याकडे येतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती डीबीचा घेऊ?" मी म्हणतो, ते नंतर बघू बाबा, आधी तो जोडणार कशाला ते सांग.

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. शेजारचा एक मित्र लॅपटॉपचं खालचं झाकण उघडं ठेवून अँटेनाची वायर थेट कार्डावर लावायचा आणि रोज कॉलेजला निघताना काढायचा. एक दिवस कार्डावरची ती इवलीशी टिकली वायरीसकट उखडून हातात आली. कॅम्पसची ऑनलाइन मुलाखत दोन दिवसांवर, आणि लॅपटॉप वडिलांनी कर्ज काढून घेतलेला. कार्ड निघण्यासारखं होतं म्हणून निभावलं. काही लॅपटॉपांत ते मदरबोर्डवरच पक्कं बसवलेलं असतं, तिथे रडूनही उपयोग नाही.

त्या टिकलीचं नाव यू.एफएल. नव्या एम.२ कार्डांवर तिच्याहून लहान एमएचएफ४ असते. दोन्ही साधारण ३० वेळा काढा-घाला करण्यापुरत्याच बनवलेल्या. रोज एकदा म्हटलं तरी महिन्यात खेळ खल्लास! यात दोष टिकलीचा नाही. कारखान्यात एकदा बसवायची आणि विसरून जायची, एवढंच तिचं काम.

म्हणून माझा नियम साधा आहे. टिकलीवर पिगटेल एकदाच, सरळ वरून दाबून बसवायची. तिचं दुसरं टोक म्हणजे एसएमए जोडणी. ती लॅपटॉपच्या अंगाला भोक पाडून नट-वॉशरने आवळायची. (वॉरंटी असेल तर आधी विचार करा!) चांगली एसएमए ५०० वेळा काढा-घाला सोसते, माहितीपत्रकात आकडा बघून घ्या. भोक एका बाजूने सपाट ठेवलं तर जोडणी आवळताना गरगर फिरत नाही आणि आतली वायर पिळली जात नाही. पिगटेल वीतभरच ठेवा, बारीक वायर सिग्नल खाते. आणि लॅपटॉप बॅगेत टाकण्याआधी अँटेना काढा, नाहीतर तो पहारीसारखा जोडणी उचकटतो.

एक गोम आहे. वाय-फायचे अँटेने बहुधा आरपी-एसएमएचे असतात. आटे तेच, पण मधली पिन आणि भोक यांची अदलाबदल. वाटेल तो अँटेना कुणी जोडू नये म्हणून अमेरिकेत १९८९ मध्ये वेगळ्या जोडणीचा नियम आला, त्याचं हे बाळ. साध्या एसएमएवर तो छान आवळला जातो, पण आत एक तर पिनच नसते किंवा दोन पिना एकमेकींवर आपटतात. विकत घेताना आत डोकावून बघा.

झिजणारा भाग स्वस्त हवा आणि बदलता येण्याजोगा हवा. पिगटेल गेली तर दुसरी आणता येते, वडिलांचं कर्ज मात्र पुन्हा काढता येत नाही.